वाघ जाईल कुठं?

बायकोचं माहेर वर्ध्याचं. तिकडची लग्नं मे महिन्यातच निघतात, त्यामुळे वर्धा जिल्हा मला फक्त तापलेला माहीत आहे. यंदाचं लग्न आटोपलं आणि तिच्या मामांनी जाहीर केलं, "जावाईबापू, आता दोन दिवस तुमाले जिल्हा दाखवतो." बाहेर पारा 46वर होता. गाडीत एसी आहे का, असं मी हळूच विचारलं.

"आहे ना! ग्यास नाही फक्त."

खिशात एकेक कांदा, डोक्याला ओला दुपट्टा आणि मागच्या सीटवर मामींचा चिवडा, अशी मोहीम निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडी काळी जमीन आणि धुऱ्यावर रचलेले पऱ्हाटीचे ढीग. सेवाग्राम आठ किलोमीटर. पुण्यात आम्ही एवढ्याला तासभर घेतो. मामांनी वाटेत दोन ओळखीच्यांशी गप्पा मारूनही पंधरा मिनिटांत पोचवलं.

गांधीजी 1936 साली इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव होतं शेगाव. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाची गल्लत व्हायला लागली, म्हणून 1940मध्ये सेवाग्राम झालं. बापू कुटीत शिरलो आणि जीव जागेवर आला. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, शेणानं सारवलेली जमीन. मी भिंतीपाशी अर्धा तास डोळे मिटून बसलो. जावई ध्यानाला लागले, असं समजून मंडळी पाय न वाजवता बाहेर गेली. माझं ध्यान गारव्यावर होतं. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेला टेलिफोन आश्रमात आहे. शिवाय साप धरायचा लाकडी चिमटा आणि धरलेला साप ठेवायची पेटीही आहे, कारण साप मारायचा नाही, दूर नेऊन सोडायचा. मामांना टेलिफोन जास्त भावला. "तवा रेंज यायची बाप्पा इथं," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मामांनी एक करकरीत खादी-ग्रामोद्योगी चप्पल घेतली. आपोआप मेलेल्या जनावराचं, म्हणजे अहिंसक चामडं, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. ही चप्पल पुढे येणार आहे.

पवनारला धाम नदीत पाय बुडवायचे होते, पण मे महिन्यात आधी पाणी शोधावं लागलं. इथे विनोबांच्या आश्रमात शेत खणताना जुनी शिल्पं सापडली. वि. वा. मिराशींच्या मते हीच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर. वाकाटकांनी उन्हाळ्यात काय केलं असेल, एवढाच प्रश्न मला पडला.

मग समुद्रपूर तालुक्यातलं गिरड. तालुक्याच्या नावात समुद्र आहे, बाकी कुठे नाही. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि आसपास सुपारी-जायफळाएवढे गोल दगड सापडतात. फकिराची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले, अशी कथा. मी त्या क्षणापासून एसीबद्दल चकार शब्द काढला नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे इथे रस्ता सांगणारा माणूस सरळ उभा असतो, असं मामा म्हणाले होते. परतताना एका फाट्यावर एकानं वर्धा दोन्ही हातांनी, दोन दिशांना दाखवलं.

दुसऱ्या दिवशी बोर. 2014 साली व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा देशातला सगळ्यात लहान, 138 चौरस किलोमीटरचा. यावर मामांचा सिद्धांत असा: "ताडोबा किती मोठं! तिथं वाघाले दडाले जागा आहे. इथं तो जाईल कुठं?" गणित बिनचूक होतं. पहाटे उघड्या जिप्सीत बसलो. पानं गाळलेला साग, मोर, चितळ, पाणवठ्यावर एक अतिशय शांत सांबर. "काल इथंच होती," गाईड म्हणाला. पुढच्या वळणावरही काल इथंच होती. तीन तासांत आम्ही कालची वाघीण नऊ ठिकाणी पाहिली. मामा दर वळणावर "जाईल कुठं?" म्हणत होते, पण आवाज उतरत होता.

गेटबाहेर, हिंगणीच्या रस्त्यावर चहाला थांबलो. चहावाल्यानं सहज सांगितलं, "वाघ? रातीच गेला ना इथून." कडेच्या फुफाट्यात खरोखरच ताटलीएवढा पंजा उमटला होता. म्हणजे आम्ही तिकीट काढून आत होतो आणि वाघ फुकटात बाहेर.

मामांनी मापासाठी शेजारी आपली अहिंसक चप्पल ठेवली, फोटो काढला आणि खानदानाच्या ग्रुपवर टाकला. वर्ध्याला पोचेपर्यंत सतरा उत्तरं आली होती. वाघाबद्दल एकही नाही. चप्पल कितीला पडली, एवढंच सगळ्यांना हवं होतं.