खास जागा ठाऊक असलेला गृहस्थ

खास जागा ठाऊक असलेला गृहस्थ महाराष्ट्रातल्या सर्व शहरांत आढळतो. वय साधारण चाळीस ते साठ, नोकरी कायम किंवा नुकतीच संपलेली, आणि 'कुणालाच माहीत नाही' अशी निदान एक खानावळ पदरी. ही खानावळ दुपारी बारापासून तुडुंब भरलेली असते, दारात एक पोरगा वही घेऊन नावे पुकारत असतो, रांग शेजारच्या सायकलवाल्याच्या दुकानापर्यंत गेलेली असते. तरीही ती कुणालाच माहीत नाही यावरचा त्याचा विश्वास ढळत नाही.

त्याला खवय्या म्हणण्याची पद्धत आहे, पण ते वर्गीकरण चुकीचे आहे. खवय्याला पदार्थ लागतो, याला जागा लागते. खवय्या एकटा जातो, जेवतो आणि घरी येऊन वामकुक्षी घेतो. हा एकटा असला की ऑफिसच्या कँटीनमध्ये उपमा खातो. खास जागी जायला त्याला सोबत लागते, आणि तीही जागा न पाहिलेल्यांची. बदली होऊन आलेला सहकारी चालतो, परगावचे व्याही चालतात. सर्वोत्तम म्हणजे अमेरिकेतून महिनाभर आलेला मावसभाऊ. तो आधीच हळवा झालेला असतो, आणि स्टीलचा पेला दिसला तरी फोटो काढतो.

जागा अस्सल आहे की नाही हे ठरवण्याच्या त्याच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. पाटी नसावी. असलीच तर रंगाऱ्याने हाताने रंगवलेली असावी आणि 'शुद्ध' या शब्दात काहीतरी अशुद्ध असावे. टेबलाच्या सनमायक्याचा कोपरा उचकटलेला असावा. भिंतीवर किराणा व्यापाऱ्याचे कॅलेंडर आणि मूळ मालकाची हार घातलेली तसबीर असावी. हात धुण्याचे बेसिन जेवणाऱ्यांच्या इतके जवळ असावे की एकाचे चूळ भरणे दुसऱ्याच्या भातात मिसळायला केवळ नशीब आड यावे. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या २०११च्या नियमांप्रमाणे परवाना सर्वांना दिसेल असा लावावा लागतो, आणि तोही तिथे चौकटीत असतो. त्याकडे मात्र तो पाहत नाही. सरकारी कागदाने जागेचे तेज कमी होते.

पदार्थांची नावे फळ्यावर खडूने लिहिलेली हवीत आणि त्यातले एखादे पुसलेले हवे. पुसलेल्या पदार्थाबद्दल तो सर्वांत जास्त बोलतो. "आज तिसऱ्या संपल्या, नाहीतर तुम्हाला दाखवलं असतं." आलेल्या सुरमईपेक्षा न आलेल्या तिसऱ्यांची चव पाहुण्यांच्या लक्षात अधिक राहते.

या सगळ्यामागे एक सिद्धान्त आहे: सोय वाढली की चव उतरते. त्यामुळे उकाडा, ताटकळणे, अनोळखी माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसणे या गोष्टी तो गैरसोयीत धरत नाही, गुणांत धरतो. गाडी गल्लीत जात नाही हे तो असे सांगतो, की गल्लीची रुंदी त्यानेच मंजूर केली असावी.

साधेपणाला इतिहास आहे, आणि तो गृहस्थाला अर्धा ठाऊक असतो. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी अनेकदा कामगारांच्याच घरातल्या बायका चालवत. हिशेब महिन्याचा, पगार झाला की चुकता करायचा. या खानावळवाल्या किराण्यासाठी सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असत. त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले, आणि जेवणारे गावी गेले. माटुंग्याला त्याच्या कितीतरी आधी दक्षिणेकडून आलेल्या नोकरदारांसाठी बोर्डिंगे निघाली होती. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चे. इराण्यांची हॉटेले त्याहून जुनी. धोबी तलावचे कयानी १९०४चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३चे.

या जागा साध्या होत्या त्या जेवणाऱ्याच्या खिशाकडे पाहून. बाकडे होते कारण खुर्च्या परवडत नव्हत्या, आणि रोज एकच भाजी होती कारण मंडईत त्या दिवशी तीच स्वस्त होती. गृहस्थाला यात परंपरा दिसते. ती त्याला दिसू शकते, कारण त्याच्या स्वतःच्या जेवणाच्या खोलीत काचेचे टेबल आणि सहा खुर्च्या आहेत. पुण्यात सदाशिव पेठेच्या मेसमध्ये स्पर्धा परीक्षेची मुले अशाच साध्या जागी रोज जेवतात. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री सुट्टी, आणि बाकी आठवडाभर वाटीत बटाट्याचा शोध. त्यांतल्या एकाही मुलाने त्या जागेला अस्सल म्हटल्याचे ऐकिवात नाही. पास झाल्यावर ती पहिली पार्टी पिझ्झाची देतात.

मुख्य प्रसंग गल्ल्यापाशी घडतो. मालक आपल्याला ओळखतो, हे पाहुण्यांना दिसणे ही संपूर्ण सहलीची किल्ली असते. गृहस्थ चपला न वाजवता, तरी सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने पुढे होतो.

"काय अण्णा, ओळखलं का?"

अण्णा सुट्टे मोजत असतात. "किती जण?"

"आपलीच माणसं आहेत. हे खास अमेरिकेहून आलेत."

"चौघं ना? कोपऱ्यात दोन जागा होतायत. दोघं बसा, दोघं थांबा."

गृहस्थ वळून पाहुण्यांना सांगतो, "बघा, गर्दी असूनसुद्धा आपल्यासाठी कोपरा काढला."

जागा मिळाल्यावर मेनूकार्डाला हात लावू दिला जात नाही. ते बाहेरच्यांसाठी असते. चार जणांसाठी काय मागवायचे हे तो रिक्षातच ठरवून आलेला असतो: दोन सुरमई थाळ्या, एक बांगडा, एक कोंबडी-वडे. कुणी दबक्या आवाजात फ्राइड राइसची चौकशी केली तर तो ऐकले नाही असे दाखवतो. दुसऱ्यांदा केली तर मालकाला ऐकू तर गेले नाही ना, हे पाहतो. शाकाहारी पाहुण्याची व्यवस्था "इथली सोलकढीच पुरते" या वाक्यात होते.

ताट आले की सूचना सुरू होतात. लिंबू आत्ताच पिळायचे नाही. वडा रश्श्यात बुडवून ठेवायचा नाही, मोडून लावून घ्यायचा. सोलकढी भातावर अर्धी, उरलेली शेवटी प्यायची, आणि मध्ये कुणी घोट घेतलाच तर तो माफ, कारण माणूस नवीन आहे. जागा मिसळीची असेल तर आचारसंहिता आणखी कडक होते. कोल्हापूरकर गृहस्थ मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड सोडून पाव मागणाऱ्याकडे दयेने पाहतो. नाशिककर गृहस्थाला पावाशेजारी पापड नसला तर अर्धवट वाढल्यासारखे वाटते. नागपूरकर मिसळीच्या वादात पडत नाही. पोह्यांवर तर्री ओतून घेतो आणि बाकी महाराष्ट्राची कीव करतो. ठाण्याचा गृहस्थ 'मामलेदार' हे नाव शेजारच्या मामलेदार कचेरीवरून पडल्याचे पहिल्या घासाआधी सांगतो आणि मग कटाचा पहिला चमचा पाहुण्याला घ्यायला लावतो. पाहुण्याच्या कानामागे घाम येतो, नाकातून पाणी येते, तो टेबलावर काहीतरी पुसायचे शोधतो आणि त्याला वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा मिळतो. गृहस्थ वाढप्याला खूण करतो: "इकडे अजून सँपल."

तो स्वतः फार जेवत नाही. त्याचे लक्ष समोरच्या चेहऱ्यांवर असते. पहिला घास गेला की तो भुवया वर करून विचारतो, "काय?" याला 'छान आहे' हे उत्तर पुरेसे नसते. 'मस्त' म्हटल्यास काम भागते, पण मनासारखे होत नाही. 'अगदी घरच्यासारखं' हे बरोबर उत्तर. ते मिळाले की तो खुर्चीला टेकतो आणि मग कुठे त्याच्या ताटातला बांगडा हलतो. पत्नी शेजारीच बसलेली असते. तिने पंचवीस वर्षे केलेली आमटी त्याने बातम्या बघत, एक शब्द न बोलता संपवलेली आहे. ती घास खाते, पाणी पिते आणि म्हणते, "आज मीठ जरा पुढे झालंय."

जेवण चालू असताना त्याचे जागेविषयीचे ज्ञान वाहत असते. मसाला मालकाची आई अजून पाट्यावर वाटते, असे तो सांगतो तेव्हा भटारखान्यातून मिक्सरचा आवाज येत असतो, म्हणून तो जरा मोठ्याने सांगतो. वाढपी गेल्या महिन्यात ओडिशातून आलेला असतो, त्याला तो खांद्यावर हात ठेवून विचारतो, "काय रे, चव पूर्वीसारखीच आहे ना?" वाढपी मान हलवतो आणि आणखी एक पोळी वाढतो. मासळीच्या बाबतीत तर त्याला पुराव्याची गरज नसते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा हंगाम आणि खवळलेला समुद्र ही त्याची कारणे. या दिवसांत सुरमई येते ती बहुधा शीतगृहातून. गृहस्थ ऐन जुलैत तुकडी उचलून दाखवतो आणि म्हणतो, "सकाळी भाऊच्या धक्क्यावर उतरलीय." मालकाने असा दावा कधीही केलेला नसतो. मालक फळ्यावर नुसते 'सुरमई' लिहितो.

मालकाचे खाण्याविषयीचे मत वेगळे असते. खानावळ सोमवारी बंद. त्या दिवशी अण्णा घरच्यांना घेऊन हायवेवरच्या एसी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये पनीर बटर मसाला खायला जातात. तिथल्या खुर्च्यांना मऊ पाठ असते आणि कुणी 'ओळखलं का' म्हणून विचारत नाही. ही माहिती गृहस्थापर्यंत न पोचलेली बरी.

बिल तोच देतो आणि हट्टाने देतो. जागा निवडतानाच ही उदारता परवडेल याची काळजी घेतलेली असते. पूर्वी 'फक्त रोख' ही पाटी अस्सलपणात धरली जाई. आता गल्ल्यावर क्यूआर कोड आला. त्याचे त्याला वाईट वाटले, पण पैसे जमा होताच कोडाशेजारचा डबा भर खानावळीत रक्कम मोठ्याने सांगतो हे लक्षात आल्यावर फारसे वाईट वाटेनासे झाले. "एवढ्या पैशात त्या मॉलमध्ये पाण्याची बाटली मिळते," असे तो म्हणतो. मावसभाऊ टीप ठेवायला जातो, तेव्हा त्याचा हात धरून तो सांगतो की इथे टीप दिली तर अपमान वाटतो. वाटतो कुणाला, हे वाढप्याला कुणी विचारलेले नसते.

त्याचे शत्रू दोन. पहिला रील बनवणारा. तो भटारखान्यात शिरून कढईवर मोबाईल धरतो आणि दोन दिवसांत रांग दुप्पट करतो. दुसरा शत्रू मालकाचा मुलगा. हॉटेल मॅनेजमेंट करून आल्यावर तो वरच्या मजल्यावर एसी हॉल काढतो, थाळीमागे तीस रुपये जास्त घेतो आणि भिंतीवर बैलगाडीचे चाक लावतो. भटारखाना एकच, कढई एकच, आचारीही तोच. तरीही वरची चव खाली नाही आणि खालची वर नाही, असे गृहस्थ शपथेवर सांगतो. मे महिन्यात नातवंडे ऐकत नाहीत म्हणून त्यालाही वर बसावे लागते. तिथे तो नाराज चेहऱ्याने दुसऱ्यांदा भात घेतो.

या दोघांनीही जागा कायमची बिघडत नाही. ती बिघडते शेजारच्या टेबलावर ऑफिसातला कुलकर्णी सहकुटुंब बसलेला दिसला की. कुलकर्ण्याला तिथे कुणी आणलेले नसते; तो आपल्या पायांनी आलेला असतो, आणि वर हसून म्हणतो, "अरे, तुम्हालाही माहितीय होय ही जागा?" त्या क्षणापासून रश्श्याला पूर्वीचा वास राहत नाही. खोबरे नीट भाजलेले नसते. वड्याला तेल लागते. घरी परतताना तो पत्नीला सांगतो की म्हातारा गेल्यापासून हे होणारच होते. म्हातारा गल्ल्यावर बसलेला त्याने आत्ताच पाहिलेला असतो.

नवी जागा सापडायला एखादा पावसाळा उलटावा लागतो. तोवर तो घरी जेवतो, आणि आमटीत काहीतरी कमी आहे असे सांगतो.