एकमेव नावांची गर्दी

नामकरण या संस्काराचा अभ्यास करू जाता प्रथम हे मान्य करावे लागते की मराठी माणसाला एक नाव कधीच पुरलेले नाही. जन्मनक्षत्राच्या चरणावरून निघालेल्या अक्षराचे ते नावरस नाव, बारशाला आत्याने कानात सांगितलेले ते पाळण्यातले नाव, हजेरीपटावर गुरुजींनी चढवलेले ते कागदावरचे नाव, आणि ज्या हाकेला मूल खरोखर ओ देते ते चौथे, जे बहुधा बाळू, सोन्या, पिंट्या किंवा छकुली यांपैकी एक असते. पहिल्या तिन्हींवरून घरात अबोला धरला जातो, चौथ्यावरून कुणीही रुसत नाही, आणि जन्मभर टिकते ते चौथेच.

जिंतूर तालुक्यातील साठीच्या पुढच्या मंडळींची नावे एकत्र केली तर त्यांतून आसपासच्या मुलखाचा नकाशा काढता येतो. गंगाखेडच्या जनाबाई, नरसीचे नामदेव, औंढ्याचे नागनाथ आणि त्यांचेच घरगुती रूप नागोराव, परळीचे वैजनाथ, जैन घरांत नेमिनाथ, आणि गंगेच्या, म्हणजे इकडच्या भाषेत गोदावरीच्या, काठचे माहेर असेल तर गोदाबाई. यांत मुंजाजी आणि मुंजाभाऊ ही तर परभणी जिल्ह्याची खूणच म्हणावी लागेल, कारण पिंपळाखालच्या मुंजाला, म्हणजे मुंज होऊन लग्नाआधीच गेलेल्या मुलाच्या, पुढे दैवत मानल्या गेलेल्या आत्म्याला, नवस बोलून झालेला मुलगा दुसरे कोणते नाव घेऊन मिरवणार? एकाच आळीत तीन मुंजाजी असत, पण प्रत्येकाच्या मागे वेगळा पिंपळ आणि वेगळा नवस असे; त्यामुळे नाव सामान्य असले तरी त्याचे कारण त्या घराचे स्वतःचे होते.

सगळीच जुनी नावे अशी गोड नव्हती. मूल जगत नसेल तर काळाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये म्हणून दगडू, धोंडू, कचरू, केरबा अशी नावे ठेवली जात, आणि मुली पुरे झाल्या हे देवाला कळवण्यासाठी नकोशी किंवा नकुसा हे नाव मुलीलाच आयुष्यभर वागवायला दिले जाई. सातारा जिल्ह्यात अशा शेकडो मुलींना 2011 मध्ये समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, म्हणजे प्रथा किती अलीकडेपर्यंत टिकून होती हे कळते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे असा नियमच आहे. म्हणून 1956 च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातील वस्त्यांतून सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, प्रज्ञा आणि यशोधरा पाळण्यात आले, तेव्हा आईबापांनी जे वेगळे नाव शोधले त्या शोधाला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. वेगळेपणाची खरी निकड तिथे होती.

आज जिंतुरातील जे घर वेगळ्या नावासाठी रात्र रात्र मोबाइल चाळते, त्याची निकड निराळी आहे. नाव ‘युनिक’ हवे, तीनच अक्षरांचे हवे, गावात दुसऱ्या कुणाचे नको, अर्थ संस्कृतातला हवा आणि उच्चार परदेशात चालणारा हवा, अशा पाच अटी एकदम घातल्यावर जगातील सर्व दांपत्यांना मोबाइल एकच यादी दाखवतो, आणि त्यामुळे अंगणवाडीच्या एका खोलीत दोन विहान, एक विवान, एक कियान व तीन प्रकारचे ‘अंश’ शेजारी शेजारी बसून खिचडी खातात. हे ‘अंश’ प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. देवाच्या नावाला शेपटासारखा ‘अंश’ जोडला की शिवांश, रुद्रांश, देवांश असे हवे तेवढे उत्पादन काढता येते. आजोबा अख्खे वैजनाथ होते, वडील निदान शिवाजी होते. नातवाच्या वाट्याला अंश आला. वाटण्या होत होत जमिनीचे जे झाले तेच देवाचेही झाले, एवढाच याचा अर्थ.

बारशाच्या दिवशी या तत्त्वज्ञानाची परीक्षा आत्याच्या तोंडी होते. पाळण्यावर फुगे, मागे फ्लेक्सवर इंग्रजी अक्षरांत नाव आणि त्यात एकाऐवजी दोन ‘ए’. घुगऱ्यांची परात भरलेली. आणि नवे लुगडे नेसलेली आत्या तान्ह्याच्या कानाशी वाकून ‘कुर्र’ करते नि नाव सांगते, ते असते ‘इहान’. विहिरीला इहीर आणि विठ्ठलाला इठ्ठल म्हणणाऱ्या मुलखात दुसरे काय होणार? सर्वांत मार्मिक पुरावा मात्र वरवंट्याचा आहे. बाळाआधी कपड्यात गुंडाळलेला वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरवताना बायका त्याला गोविंद आणि गोपाळ म्हणतात, आणि अशा रीतीने घरातील एकुलता एक सामान्य नावाचा रहिवासी विधी आटोपताच पाट्याकडे परत पाठवला जातो.

आजोबांचे नाव नातवाला देण्याची प्रथा पेशव्यांच्या घरातही होती. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव झाला आणि लोकांनी त्याला नानासाहेब म्हटले. सामान्य घरात सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही हा सुनेचा नियम असल्याने सासऱ्याच्याच नावाच्या पोराला ती बापू नाहीतर अण्णा म्हणे, म्हणजे सन्मान आजोबांचा होई आणि पोर तीन वर्षांचे असतानाच म्हातारे होई.

नवलाईचे आयुष्य किती असते याचा दाखला कवी रमेश तेंडुलकरांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून 1973 मध्ये मुलासाठी निवडलेल्या नावात मिळतो. त्या मुलाने 1989 नंतर जे केले त्यामुळे गावोगावच्या मैदानात ‘सचिन’ म्हटले की दोन-चार माना वळू लागल्या.

सरकारने आता या घोळात एक थर वाढवला आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा महाराष्ट्रात क्रम ठरला आहे, आणि ही तरतूद निःसंशय न्याय्य आहे. अडचण इतकीच की लग्नात तांदळात बोट फिरवून जिचे नाव बदलले गेले, तिचे माहेरचे की सासरचे नाव लिहायचे यावर आता दोन्हीकडची मंडळी बोलणार.

जिंतूरच्या नव्या आईबापांना विनंती अशी की जन्माची नोंद तेवढी 21 दिवसांत करावी, नावाची घाई करू नये. नाव नंतर घालता येते: 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. तोवर ज्याचे नाव आहे त्यालाही विचारता येईल.