बाटल्याची साखळी
आमच्या भोसरीच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये गॅसचे बाटले बांधायची साखळी सारखी नाहीशी होते. मागच्या खेपेला ती गेटला लावलेली सापडली, त्याआधी कुणाच्या तरी मोटारसायकलला. बाटला मात्र भिंतीला नुसता टेकवलेला. पन्नास-साठ किलोचं धूड, तळ जेमतेम वीतभर. जाता-येता धक्का लागला तरी कलंडेल.

टोपीची तीच कथा. ऑक्सिजनच्या भरलेल्या बाटल्यात सुमारे १५० बार दाब असतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या साठपटीहून जास्त. तो पितळेच्या एवढ्याशा व्हॉल्व्हने अडवून धरलेला. बाटला पडून व्हॉल्व्ह मोडला, तर वाटेत भिंत आली तरी तो थांबेल याचा भरवसा नाही. म्हणून वर लोखंडी टोपी. परवा ती मला ग्राइंडरपाशी मिळाली. आत विड्यांची थोटकं आणि दोन नट. मी ती धुतली, पुसली, आटे धरून नीट बसवली. दुपारी पुन्हा गायब!

ट्रॉलीचं चाक बसलंय म्हणून पोरं बाटला आडवा पाडून लोळवत आणतात. किरमिजी बाटला, म्हणजे ॲसिटिलीनचा, तर आडवा ठेवून वापरायचाच नसतो. आतला गॅस ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो. आडवा केला की ते ॲसिटोन नळीत उतरतं. गेल्या आठवड्यात ऑक्सिजनच्या रेग्युलेटरचा नट फिरेना, तर हेल्परने बोटावर ग्रीस घेतलं. मी त्याचा हातच धरला. दाबाखालचा ऑक्सिजन तेल-ग्रीसला भिडला की पेट घ्यायला ठिणगीसुद्धा लागत नाही. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्यावर काय रागवायचं?

गॅस सिलिंडरचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत, ते राबवणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. साहेब तपासणीला यायचे असले की साखळी, टोपी, ट्रॉली, सगळं अर्ध्या तासात जागेवर येतं. म्हणजे काय करायचं ते जुन्या माणसांना पक्कं ठाऊक आहे. याचाच मला जास्त संताप येतो.

मंडळी, बाटला संपला तरी आत थोडा दाब उरतोच. व्हॉल्व्ह बंद करा, टोपी लावा, खडूने ‘रिकामा’ लिहा आणि तो भरलेल्यांपासून वेगळा ठेवा. गेटसाठी मी नवी साखळी आणून कपाटात ठेवली आहे. बाटल्याची काढू नका.