न विकल्या जाणाऱ्या बंगल्यांच्या मालकांस एका कापूसवाल्याचे अनावृत पत्र

राजमान्य राजश्री, तेल्हाऱ्याच्या वेशीबाहेर आलिशान बंगल्यांच्या वसाहती उभारणारे व उभारू पाहणारे समस्त विकासक महाशय यांसी,

तेल्हारा तालुक्यातील एका कोरडवाहू कापूसवाल्याचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेल्या या काळ्या शिवारात विकावयास माल आहे असे दोन वर्ग आम्हांस दिसतात : एक आम्ही, ज्यांचा माल विकला जातो परंतु त्याला भाव मिळत नाही, आणि दुसरे आपण, ज्यांच्या मालाला भाव आहे परंतु तो विकला जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या बाजारात गाड्या नेऊनही जी विद्या आमच्या हाती लागली नाही ती आपणांस अल्पावधीत साध्य झाली, याचे आश्चर्य, कौतुक आणि किंचित मत्सर या तिन्ही भावना एकवटून हे पत्र आपल्या चरणी सादर करीत आहोत.

ज्या वावरात काल-परवापर्यंत पऱ्हाटीच्या ओळींत तूर उभी असे, त्याची अकृषक परवानगी काढून, धुरे मोडून, मुरमाचे रस्ते टाकून आणि कमानीवर सिमेंटचे दोन सिंह बसवून आपण जी वसाहत सिद्ध करता, तिच्या माहितीपत्रकात काय नाही? इटालियन संगमरवराची फरशी आहे, क्लब हाऊस आहे, पोहण्याचा तलाव आहे, आणि जिथून नदी दिसत नाही अशा गच्चीलाही नदीचे नाव आहे. राहणारा माणूस तेवढा नाही. तरीही पाडव्याला फलकावर जो भाव असतो तो दसऱ्याला वाढलेला दिसतो. गिऱ्हाईक चुकून आलेच, तर त्यास सोन्याचे नाणे मिळेल, सजविलेले स्वयंपाकघर फुकट मिळेल, खरेदीखताचा मुद्रांकही आपण भराल. परंतु चौरस फुटाचा दर रुपयाने खाली आणा असे कोणी म्हटले, की आपली मुद्रा अशी होते, जणू त्याने आपल्या देव्हाऱ्यातील टाक मोडीच्या भावात मागितला. ही स्थितप्रज्ञता आम्हांस हवी आहे.

आमचा शिरस्ता याच्या अगदी उलट. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसास क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसास ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला, आणि आमची पऱ्हाटी पात्या-फुलांवर येते न येते तोच, ऑगस्ट २०२५ मध्ये, परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग वर्षअखेरपर्यंत माफ केले. परदेशातून बंगले जहाजात भरून आणण्याची सोय अद्याप कोणी केलेली नाही, हे आपले पूर्वसुकृत समजावे. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रावर विकावयाचे तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पिकाचा दाखला, तारखेची प्रतीक्षा, आणि एवढे सोपस्कार उरकून गाडी केंद्रावर लागली की ओलावा मोजण्याचे यंत्र : आठ टक्क्यांपर्यंत पुरता भाव, त्यापुढे कपात, बाराच्या वर काटा गेला की माल परत. परतीचे भाडे अंगावर घेण्यापेक्षा व्यापारी म्हणेल त्या भावाने गाडी रिती करावी, हा विचार अशा वेळी आमच्या मनात येतो. आपल्या मनात तो कधीही येत नाही, हा आपला मोठेपणा होय.

आता थोडा हिशेब मांडतो, राग नसावा. महानगराबाहेरील घर ९० चौरस मीटरपर्यंतचे व ४५ लाख रुपयांपर्यंतचे असेल, तर वस्तू व सेवा कराच्या नियमांत ते ‘परवडणारे’ गणले जाते आणि बांधकाम चालू असताना त्यावर पाचाऐवजी एकच टक्का कर पडतो. आपले बंगले या मर्यादेला ओलांडून जाण्यातच भूषण मानतात. परंतु केवळ या परवडणाऱ्या सीमेवरच थांबावयाचे म्हटले तरी, उत्तमोत्तम, लांब धाग्याच्या कापसाच्या वरील पुऱ्या हमीभावाने ४५ लाखांचे सुमारे ५५५ क्विंटल होतात. कोरडवाहू एकरी सहा-सात क्विंटल पिकले असे धरले, तर पाच एकरांच्या धन्याने सोळा ते साडेअठरा वर्षे सगळा कापूस आपल्या चरणी वाहावा, आणि त्या अवधीत बियाणे, खत, फवारणी, वेचणी, मुलीचे लग्न आणि स्वतःचे जेवण या क्षुद्र बाबींवर दमडीही खर्चू नये, म्हणजे त्यास ते परवडेल. सरकारची ही विनोदबुद्धी अस्सल आहे.

भाव का उतरत नाही, याचा शोध घेताना आम्हांस असे कळले, की आपला हट्ट हा केवळ स्वभावदोष नसून त्यामागे एक सबंध शास्त्र आहे. ज्या किमतीच्या आधारावर सावकारी संस्थेने आपणांस कर्ज दिले ती किंमत उतरली, तर तारणच उतरते. ज्या दोन-चार जणांनी पहिल्या उत्साहात साठेखत केले, ते दर घसरताच दारात येऊन उभे राहतात. त्यातून सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता असतो : करारातील रक्कम आणि तक्त्यातील मूल्य यांपैकी जे अधिक त्यावर मुद्रांकशुल्क, आणि ते मूल्य विक्रीच्या रकमेहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक निघाले, तर न मिळालेला फरकही मिळालेलाच समजून आयकर. परंतु याच आयकर कायद्यात आपणांसाठी एक शीतल छायाही आहे. विकण्यासाठी बांधलेले घर पडून राहिले, तर पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून दोन वर्षे त्याच्या काल्पनिक भाड्यावर कर नाही. न विकल्या गेलेल्या मालाकडे सरकारने इतक्या वात्सल्याने पाहिल्याचे दुसरे उदाहरण आमच्या माहितीत नाही. थोडक्यात, जो थांबू शकतो त्याचा भाव टिकतो. आणि थांबण्याची ऐपत ही कायद्याने, कर्जाने व करसवलतीने काहींना दिली जाते, काहींना नाही.

आम्हीही एकदा थांबून पाहिले. २०२२ च्या आरंभी कापूस दहा हजारांच्या पार गेला होता. त्या आठवणीवर विसंबून पुढील हंगामात विदर्भातल्या अनेक घरांनी माल दाबून ठेवला. गोदाम नव्हते, म्हणून माजघरात, देवघराशेजारी, माळ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे कापूस रचला. भाव आला नाही. कापसात किडे झाले, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, आणि घरात कापूस व ओसरीवर माणसे असा संसार उन्हाळ्यापर्यंत चालला. आपल्या वसाहतीकडे पाहताना आमच्या मनात जे येते ते एवढेच : आमच्या घरांत माल मावेना म्हणून माणसे बाहेर, आणि तुमची घरेच माल असल्यामुळे माणसे बाहेर.

स्थापत्याविषयी आम्ही अडाण्यांनी काय बोलावे! तरी वाडवडिलांचा रिवाज सांगतो. गाव पांढरीत वसावे आणि काळी पिकासाठी राखावी, असा त्यांचा दंडक होता. कारण पूर्णेच्या खोऱ्यातील ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर उथळ पायाने उभ्या राहिलेल्या भिंतीला आपल्यासोबत हलविते. पंचेचाळीस अंशांच्या वैशाखात मातीचे धाबे आणि हातभर जाडीची भिंत यांनी त्यांना निभावून नेले. आपल्या काचेच्या दर्शनी भिंतीआड वातानुकूलन यंत्राचे बिल कोण निभावणार, हे माहितीपत्रकात छापावयाचे राहिले आहे. पोहण्याच्या तलावाचीही तीच कथा. तालुक्याच्या दक्षिणेस खारपाण पट्टा आहे, जिथे विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही आणि माणसाला पिववत नाही. उत्तरेस वारी-भैरवगडच्या हनुमान सागरात वान नदीचे गोड पाणी आहे, ज्यावर पहिला हक्क कोणाचा यासाठी तेल्हारा-अकोटच्या शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली. आपल्या निळ्या फरशीच्या तलावात यांपैकी कोणते पाणी पडणार, तेवढे कळवावे.

जमीन आणि कापूस यांचे हे नाते मात्र नवे नाही, हे आपल्या समाधानासाठी नमूद करतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाचे सोने झाले, आणि त्या व्यापाराचा पैसा मुंबईत समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या कंपन्यांत ओतला गेला. मुंबईचे कापूसव्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या त्या जमान्यात, अशाच कंपन्यांपैकी बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. भाव खाली येणार नाही असेच तेव्हाही सर्वांचे मत होते. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, कापूस कोसळला, १ जुलैला वायद्यांची मुदत भरली, आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. अलीकडचा दाखला हवा असेल, तर वरसगावच्या जलाशयाकाठी, इटलीतील पोर्तोफिनोच्या धर्तीवर वसविलेल्या लवासाचा घ्यावा. २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने तिथले काम थांबविले, कर्ज वाढत गेले आणि २०१८ साली ते प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे उभे राहिले. भाव न उतरविणे आपल्या हाती असते. बाजार उतरणे नसते.

तेव्हा आमची नम्र सूचना अशी, की आपणही एकदा आमच्या शिरस्त्याने विकून पाहावे. हंगामातल्या एका सकाळी आपल्या बंगल्यांचे दस्तऐवज घेऊन बाजार समितीच्या आवारात हर्रासाला उभे राहावे. तिथे भाव मालकाने बोलावयाचा नसतो, घेणाऱ्याने बोलावयाचा असतो. भिंतीला ओलाव्याचे यंत्र लावावे. काटा बाराच्या वर गेला, तर बंगला आल्या वाटेने परत न्यावा. ‘बिल्ट-अप’, ‘सुपर बिल्ट-अप’ हे मातेरे चाळून काढून निव्वळ चटईक्षेत्र तोलावे. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याचीही तीच आज्ञा आहे. मग जी रक्कम उरेल ती मुकाट्याने रुमालात बांधून घरी जावे. एवढे झाल्यावर आपल्या-आमच्यात बोलणी बरोबरीने होतील.

तेल्हाऱ्यास घरे नकोत, असा मात्र अर्थ काढू नये. इथे भाड्याच्या खोलीत आयुष्य काढणारे शिक्षक आहेत, गळक्या टिनाखाली राहणारे सालदार आहेत, पुण्यात नोकरीस लागलेली आणि म्हाताऱ्या आईबापांसाठी गावात दोन खोल्या बांधू पाहणारी मुले आहेत. त्यांना दोन खोल्या, एक ओसरी, चार पोती ठेवावयास कोठी, खोल पाया आणि नळाला पाणी, एवढेच हवे आहे. असे घर त्यांच्या मिळकतीत बसेल त्या भावाने बांधा. मग फलक लावण्याचीही गरज पडणार नाही.

आणि एवढे आपल्या तत्त्वात बसत नसेल, तर शेवटची विनंती : कार्तिकापासून चैत्रापर्यंत ते रिकामे बंगले आम्हांस कापूस ठेवण्यासाठी माफक भाड्याने द्यावेत. संगमरवराला आमच्या मालापासून इजा नाही, आणि आमच्या लेकराबाळांची खाज तरी थांबेल. दोन्ही माल एकाच छपराखाली भाववाढीची वाट पाहतील. त्यांत आमचा आधी विकला जाईल, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
न झालेला ग्राहक,
मुक्काम तेल्हारा, जिल्हा अकोला