दाजींचा पॉज

"उद्या सुट्टी..." असं म्हणून दाजी थांबले.

शाळा सुटायची वेळ. मुलं मैदानात रांगेनं उभी. सूचना द्यायला माईक दाजींच्या हातात. नजर लिंबाच्या शेंड्यावर, उजवा हात अर्धा उचललेला, ओठ किंचित विलग. पुढचा "नाही" हा शब्द त्यांनी मोठ्या ताकदीनं फेकला खरा, पण तोवर पाचवी ते सातवी गेटाच्या बाहेर पडली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षकांची हजेरी तेवढी पूर्ण होती.

हा माणूस तुमच्याही ओळखीचा आहे. पन्नाशी उलटलेली, साखर काठावर, पोरगं पुण्याला, घराचे हप्ते फिटत आलेले. आणि एके दिवशी अंघोळ करताना त्याला आठवतं की आपण नट होतो. काहीजणांना याच वयात आपण गायक होतो असं आठवतं. ते परवडले. कॅरिओकेचं बटण निदान बंद करता येतं.

दाजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे यजमान. नोकरी सासुरवाडीतच लागली, त्यामुळं अख्खं अहमदपूर त्यांना दाजी म्हणतं. अडचण तिथंच आहे. जावयाला तोंडावर कोण बोलणार?

कॉलेजात असताना त्यांनी एकांकिकेत पोलीस पाटलाचं काम केलं होतं. नांदेडचं विद्यापीठ १९९४ चं. त्याआधी युवक महोत्सव म्हटला की अहमदपूरच्या पोरांनी औरंगाबादची एसटी धरायची. तिथं प्रयोगानंतर एका मुलीनं आपली सही घेतली, हे दाजी आजही सांगतात. ताईच्या माहितीप्रमाणे ती सही जेवणाच्या कुपनासाठी होती. पुढं विनाअनुदानित शाळा, लग्न, प्लॉट, जनगणना, निवडणुकीच्या ड्यूट्या. अभिनय उरला तो फक्त तपासणीला साहेब आल्यावर करण्यापुरता.

मग नाट्यशास्त्र शिकून आलेल्या एका पोरानं गावात नाटक बसवायला घेतलं, राज्य हौशी नाट्य स्पर्धेच्या लातूर केंद्रासाठी. म्हाताऱ्या बापाचं काम दाजींना दिलं. हा पोरगा दाजींचाच विद्यार्थी. सातवीत दाजींनी त्याला अंगठे धरायला लावले होते, आता तो म्हणायचा, "सर, जागा सोडू नका. सर, पाठ प्रेक्षकांकडं जातीय." दाजी निमूट ऐकायचे. तिसऱ्या की चौथ्या तालमीला तो म्हणाला, "सर, तुम्ही वाक्यं पळवताय. इथं जरा थांबा. पॉज घ्या."

त्या पोराला कल्पना नव्हती की आपण गावावर काय सोडतोय.

दाजी आडतीवर सोयाबीन घेऊन गेले. आडत्यानं भाव सांगितला. दाजींनी पॉज घेतला. आडत्याला वाटलं, गिऱ्हाईक चाललं. त्यानं क्विंटलमागं पन्नास रुपये वाढवले. झालं! आठवडाभर बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत दाजी सांगत होते, "बघा, शब्दात काय नाही, सगळं शब्दाच्या मधी आहे." दुसऱ्या खेपेला त्यांनी आणखी लांब पॉज घेतला. आडत्यानं मागच्या माणसाचं माप घ्यायला सुरुवात केली.

फोनवर तर विचारू नका. आपण "हॅलो, हॅलो" करून रेंज गेली म्हणून फोन ठेवायचा, की लगेच उलट फोन. "मी बोललालो होतो ना!"

भाचीची सोयरीक जमत आली होती. सगळं ठरलेलं, चहा झालेला, सुपारी फोडायची बाकी. मोठेपणाचा मान म्हणून दाजींना बोलायला सांगितलं. दाजी उठले, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "आमची एकच अट आहे..." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. मुलाच्या बापाचा चेहरा उतरला. मुलाची आत्या पिशवी शोधायला लागली. कुणाच्या तरी कानात कुणीतरी "मी म्हणलं नव्हतं का?" एवढंच बोललं. अट एवढीच होती की वऱ्हाडानं जेवल्याशिवाय जायचं नाही. ती ऐकू येईपर्यंत निम्मं वऱ्हाड अंगणात जाऊन चपला घालत होतं. त्या दिवसापासून ताईनं बैठकीत दाजींच्या शेजारी बसायचं ठरवून घेतलं. दाजी थांबले की ती कोपर मारते.

घरात या सगळ्याला आधार डॉ. श्रीराम लागूंचा. 'लमाण' हे त्यांचं आत्मचरित्र दाजींनी वाचनालयातून आणलंय आणि अजून परत केलेलं नाही. "लागू कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ ला, बेचाळिशीत, सगळं सोडून पूर्णवेळ नट झाले. दुसऱ्याच वर्षी 'नटसम्राट'!" ताई सुशीला परतता परतता म्हणते, "त्यांच्यापाशी सोडायला दवाखाना होता. तुमच्यापाशी काय हाय? आठवी ब?" दाजी डगमगत नाहीत. दत्ता भगतांनी नांदेडात राहून 'वाटा पळवाटा' लिहिलं, मग अहमदपूरनं काय घोडं मारलंय, हा त्यांचा पुढचा मुद्दा. आणि शेवटचा हुकमी: "लागूंना बेलवलकर करताना म्हातारं दिसावं लागत होतं. मला मेकअपचीसुद्धा गरज नाही." इथं मात्र ताई दुजोरा देते.

प्रयोगाच्या दिवशी आम्ही दोन गाड्या करून चाकूरमार्गे लातूरला गेलो. दाजींचा पोरगा पुण्याहून परस्पर येणार होता. आई-बापाच्या मधली जागा त्याच्यासाठी धरायची, असं दाजींनी मला बजावलं होतं. आपण स्वतः रंगमंचावर असणार, हे विसरून. चाकूरच्या पुढं फोन आला. कंपनीत काहीतरी रिलीज होतं. दाजी "बरं, बरं, काम महत्त्वाचं" म्हणाले. फोनवर, मध्ये अजिबात न थांबता.

दुसऱ्या अंकात म्हाताऱ्याला मुलाची चिठ्ठी येते. तो वाचतो, घडी घालतो आणि बायकोला सांगतो, "तो येत नाही." याच वाक्याआधी दिग्दर्शक पोरानं पहिल्यांदा पॉज सांगितला होता. सगळ्या अहमदपुरानं ज्याची किंमत मोजली, तो हा मूळचा पॉज. आम्ही खुर्च्या घट्ट धरून बसलो; पाण्याची बाटली आधीच फिरवून घेतली. दाजींनी चिठ्ठी उघडली आणि घडी घालायच्या आधीच "तो येत नाही तू जेवून घे" असं एका दमात म्हणून टाकलं, कंडक्टर पुढचा स्टॉप सांगतो तसं. विंगेत दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. माझ्या शेजारी ताई पदराशी चाळा करत होती. कोपर तिनं कुणालाच मारलं नाही.

प्रयोगानंतर रंगपटात मी विचारलं, "दाजी, तिथं पॉज होता ना?"

ते बंडीची बटणं लावत होते. "थांबलो असतो तर पुढचं निघालं नसतं," म्हणाले आणि रुमाल शोधायला लागले. तो खिशातच होता. मी सांगितलं नाही. इतके दिवस ज्यांना टाळायला मी गल्ली बदलत होतो, त्या माणसाची पिशवी मी गाडीपर्यंत उचलून नेली, हेही इथं लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

निकाल लागला. अभिनयाच्या यादीत दाजी नव्हते. ज्यांची नावं होती त्यांतल्या एकानं दीड मिनिट नुसतं खिडकीबाहेर पाहिलं होतं, आणि परीक्षकांनी त्याची खास दखल घेतली. आमच्या नाटकाला एकच बक्षीस मिळालं, रंगभूषेचं. म्हाताऱ्याचा चेहरा फार नैसर्गिक उतरला होता म्हणे. रंगभूषाकारानं दाजींच्या तोंडाला बोटसुद्धा लावलं नव्हतं, पण प्रमाणपत्र घ्यायला तोच गेला आणि येताना अर्धा किलो पेढे घेऊन घरी आला. दाजी पेढा हातात धरून त्याच्याकडं बघत उभे राहिले. ताईनं कोपर मारलं.

"खावा," ती म्हणाली. "तुमच्याच तोंडाचा हाय."