पंखा बंद करा

टेल्कोतून निवृत्त झालेला माणूस घरी कायझन आणतो आणि पोळपाटाच्या जागेलाही लेबल लावतो. बजाजमधला शेजाऱ्यांच्या स्कूटरी खोलून बसतो. एच.ए.तला, म्हणजे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधला, कासारवाडीत फ्लॅट घेतो आणि बटाटे उकडतो.

आमचे काका त्यातले. 200 ग्रॅम बटाटे उकडून आपण पाणी फेकतो. काका पाणी ठेवतात. त्यात 20 ग्रॅम ग्लुकोज, 15 ग्रॅम अगर (किराणावाल्याकडचं चायनाग्रास), आणि लिटर होईस्तोवर पाणी. हे बुरशीचं जेवण. बटाटे काकूंकडे जातात, म्हणून त्या घरी पाहुण्याला बारमाही बटाट्याची भाजी. "बुरशी कधी मीठ कमी म्हणत नाही," असं काका काकूंना ऐकू जाईल इतपत हळू बोलतात.

अगरचा विषय काढू नये. काढलात तर 1881 सालचं बर्लिन, जंतुशास्त्रज्ञ कॉखची प्रयोगशाळा, उन्हाळ्यात पातळ होणारं जिलेटिन आणि तिथल्या सहायकाच्या बायकोनं, हेसबाईंनी, आपल्या स्वयंपाकघरातून सुचवलेलं अगर, सगळं ऐकून उठावं लागतं. अर्धा ओटा अडवायला काकांचा हाच पुरावा. काकूंचं म्हणणं, त्या बाईंचा ओटा त्यांचा होता.

या खटाटोपाचं मूळ मातीत आहे. पिंपरीच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून एच.ए.त डॉ. थिरुमलाचार यांनी बुरशीवरचं औषध हमायसिन काढलं, आणि त्या जीवाचं नाव पडलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीला जीव मिळाला, मग कासारवाडीनं काय घोडं मारलंय? म्हणून काका स्टेशनामागची, नाशिक फाट्याच्या पुलाखालची, पवनेकाठची माती अगरवर पेरायला पुड्यांत बांधून आणतात. पुडीवर आधीच लिहिलेलं: 'कासारवाडिना?'

मे महिन्यात लग्नाची पत्रिका घेऊन गेलो. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, दोन निरांजनं पेटलेली, काका तोंडाला रुमाल बांधून मांडी घालून बसलेले. सत्यनारायण समजून मी चपला काढून हात जोडले. कुकरमध्ये 15 पौंड दाबावर 15 मिनिटं काढलेली बाटली काका मनगटाला लावून बघत होते. सोसवली तसं एकेका काचेच्या बशीचं झाकण तिरकं उचलून ओतायला लागले. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला, पण पुसायला हात मोकळा नव्हता. मी विचारलं, "काका, पंखा..." त्यांनी डोळे वटारले. बोलण्यानंही जंतू उडतात. तेवढ्यात मला शिंक आली.

काकू स्वयंपाकघरात पंखा पाचवर ठेवून विरजण लावत होत्या. चमचाभर ताक, वर ताटली. त्यांचं दही आजवर बिघडलेलं नाही.

चार दिवसांनी काकांचा फोन. "काळी आली रे!"

"म्हणजे कासारवाडिना?"

"छे! ही सगळीकडे असते."

पुढे त्यांच्या वहीत डोकावलो. बशी क्रमांक 27: काळी बुरशी. कारण: पत्रिका.