तीन नंबरची ग्रिप

गोल्फच्या पिशवीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. खेळणाऱ्याचा घरोबा असतो तो त्यातल्या चारपाचांशीच, आणि नेमका कोणाशी ते ग्रिपा बघून कळतं. माझ्या सात नंबरच्या आयर्नची ग्रिप अंगठ्याखाली पार गुळगुळीत झाली होती. तीन नंबरची मात्र शोकेसमधल्या पाहुण्यांच्या कपबशांसारखी कोरी. या लांब दांड्याच्या आयर्नींची दहशतच तशी. ली ट्रेव्हिनोवर १९७५ च्या वेस्टर्न ओपनमध्ये वीज पडली होती. पुढे तो म्हणे सांगायचा, वादळात एक नंबरची आयर्न वर धरून चालावं, ती देवालाही मारता येत नाही. देवाची ही कथा, तर येरवड्याच्या कोर्सवर माझ्याकडून कोण काय अपेक्षा करणार?

तेव्हा अदलाबदल ठरली. नवी ग्रिप काही शे रुपयांत मिळते, असं हिने सुचवून पाहिलं. पण घरात कोरी ग्रिप पडून असताना दुसरी विकत आणणं आमच्या घराण्यात बसत नाही.

ग्रिप म्हणजे रबराची नळी. तिच्या आत, दांड्यावर डबल साइडेड टेप. दुकानात ती वाकड्या पात्याने उभी चिरतात आणि सोलून फेकून देतात. जिवंत काढायची तर टेपचा चिकटपणा आतूनच मोडावा लागतो. त्यासाठी रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन आणि ते आत पोचवायला सिरिंज.

"जाड सुई द्या," मी केमिस्टला म्हटलं.

"कुणाला द्यायचंय इंजेक्शन?"

"तीन नंबरला."

"कुठल्या हॉस्पिटलात?"

खुलासा करण्यात अर्थ नव्हता. मी सुटे पैसे दिले.

टर्पेंटाइन पेट घेतं, म्हणून स्वयंपाकघरातून माझी हकालपट्टी झाली. बाल्कनीत बसलो. सुई तिरकी खुपसायची, दांडा लागला की थांबायचं आणि दट्ट्या दाबायचा. ग्रिप तिथे टुम्म फुगते. मग थोडं वर सरकून पुन्हा टोचायचं. आधीच्या भोकातून टर्पेंटाइनची पिचकारी उडते ती थेट डोळ्यांच्या दिशेने; चष्मा हवाच. अंगठ्यांनी चोळत, पिळत राहिलं की एका क्षणी सगळी ग्रिप हातात गरकन फिरते. तो आनंद पुट पडल्याच्या आनंदाहून मोठा आहे, हे मी दोन्हींचा अनुभव घेऊन सांगतो (दुसऱ्याचा जरा कमी).

"अहो, त्यापेक्षा ती तीन नंबरच विकून टाका ना," ही दारातून म्हणाली. व्यवहारी माणसांशी वाद घालू नये.

खरं कंटाळवाणं काम पुढचं: दांड्यावरची जुनी टेप. हेअर ड्रायरने गरम करायची आणि नखांनी खरवडायची. ड्रायर कुणाचा, ते सांगायला नको. मग नवी टेप. तिचं टोक अर्धा इंच पुढे ठेवून दांड्याच्या तोंडात दुमडायचं. ग्रिपच्या बुडाच्या भोकात टी खोचायची, आत टर्पेंटाइन घालून खळखळवायचं, उरलेलं टेपवर ओतायचं आणि एका दमात ग्रिप चढवायची. मध्ये थांबलात तर ती अर्ध्यावरच बसते. ग्रिपवरची खूण क्लबच्या तोंडाशी सरळ जुळवायला जेमतेम मिनिटभर मिळतं. ते निघून गेलं की पुढे चेंडू झाडीत गेल्यावर कारण शोधावं लागत नाही.

रात्रभर सुकल्यावर सात नंबर नवी नवरी दिसत होती. झिजलेली ग्रिप टाकवेना. साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने घासली आणि तीन नंबरवर चढवली.

पुढच्या फेरीत कॅडीने पिशवी खांद्यावर घेता घेता क्लब चाळले. सात नंबरवरून त्याची नजर सरळ पुढे गेली. तीन नंबरपाशी थांबली. त्याने ती बाहेर काढून झिजलेल्या जागेवर अंगठा ठेवून पाहिला.

"साहेब, तीन नंबर एवढी मारता?" त्याच्या आवाजात प्रथमच आदर होता.

"अलीकडे जरा कमी केली आहे," मी म्हणालो.